दिवसांची रजा आणि पावसाळ्यांचे संशोधन

कोकणातील कातळसड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या सपाट माळांवरच्या, पावसाळी वनस्पतींवर पीएच.डी. करणाऱ्या एका सहायक प्राध्यापिकेचे हे प्रकरण आहे. त्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी त्यांचा मार्गदर्शक आहे, आणि या प्रकरणातल्या निदान तीन चुका माझ्या आहेत. हे लेखन त्यांच्या संमतीने केले आहे. मसुदा त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणी माझे शब्द खोडले. ती ठिकाणे पुढे येतील. व्यक्तींची, महाविद्यालयाची आणि सड्यांची नावे दिलेली नाहीत, कारण इथे प्रश्न कोणा एकाच्या वागण्याचा कमी आणि वेळापत्रकाचा अधिक आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाल्यावर तीन वर्षे त्यांनी तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या बोलीत सीएचबीवर, काम केले आणि २०१६ मध्ये त्या पूर्णवेळ पदावर रुजू झाल्या. जुलै २०२१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची पीएच.डी.साठी नोंदणी झाली. सेट असल्यामुळे नोकरीला धोका नव्हता. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीला पीएच.डी. आवश्यक आहे, त्यामुळे ती न करता निवृत्त होणे म्हणजे एका पायरीवर पंचवीस वर्षे उभे राहणे होते. त्यांची नोंदणी आयोगाच्या २०१६ च्या विनियमांखाली येते. त्यात पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे असून महिला उमेदवारांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा मिळू शकते. कागदावर हे पुरेसे उदार आहे. माझाही २०२३ पर्यंत तसाच समज होता.

आता कामाचे स्वरूप समजून घ्यावे लागेल, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. जांभ्याचा सडा मे महिन्यात पाहिला तर त्यावर काही उगवत असेल असे वाटत नाही. काळा, तापलेला, चपलेतून चटके देणारा कातळ. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत त्याच्या खाचाखळग्यांत, बोटभर मातीत आणि झिरपत्या पाण्यात अल्पायुषी वनस्पतींची मालिका सुरू होते. आधी दीपकाडीसारख्या कंदवर्गीय जाती, मग गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, पुढे तेरडा आणि कवळा. दर पंधरवड्याला चित्र पालटते, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सारे संपून गवत पिवळे पडते. संशोधिकेचा प्रश्न असा होता की, पावसाचे आगमन आणि त्यातील खंड यांवर या जातींचा क्रम आणि संख्या कितपत अवलंबून असते. त्यासाठी चार सड्यांवर प्रत्येकी १५, अशा एक मीटर लांबी-रुंदीच्या ६० कायम चौकटी आखलेल्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी एक फेरी, हंगामात नऊ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला सलग दोन दिवस, कारण एका दिवसात दोनच सडे उरकतात. म्हणजे संपूर्ण वर्षाचे क्षेत्रकाम अवघ्या १८ दिवसांत मावते. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मात्र हे १८ दिवस ठरलेल्या अंतरानेच यावे लागतात, ते पुढे ढकलता येत नाहीत, साठवता येत नाहीत, आणि चुकले तर पुढच्या जूनपर्यंत हात बांधून बसावे लागते.

२०२१ चा पावसाळा अभ्यासक्रमाच्या परीक्षेत आणि चौकटी आखण्यात गेला. २०२२ मध्ये नऊच्या नऊ फेऱ्या पूर्ण झाल्या, ५४० नोंदी हाती आल्या, आणि संशोधन सल्लागार समितीने समाधान व्यक्त केले. योजनेप्रमाणे २०२३ आणि २०२४ असे आणखी दोन सलग हंगाम घेऊन २०२५ मध्ये प्रबंध लिहायचा होता.

जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी मला सांगितले की जूनच्या आरंभी प्रसूती अपेक्षित आहे. अभिनंदन केल्यानंतर पाचच मिनिटांत मी त्यांना विषय बदलण्याचा सल्ला दिला. जुन्या वनस्पतिसंग्रहालयांतील नमुन्यांवर आधारित काम करा, सावलीत बसून होईल, असे माझे शब्द होते. हेतू चांगला होता, परंतु ज्या व्यक्तीने एक पूर्ण हंगाम पावसात उभे राहून काढला होता तिचा विषय तिला न विचारता मी मनातल्या मनात काढून घेतला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, सहा महिने मी येऊ शकणार नाही. सडा तिथेच असणार आहे." माझी पहिली चूक ती.

महाविद्यालयाने १८० दिवसांची प्रसूती रजा नियमाप्रमाणे पूर्ण पगारी मंजूर केली, १५ मे ते १० नोव्हेंबर २०२३. यात कोणाचीही कुचराई नव्हती. याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दुसऱ्या एका बाईंना आदल्या वर्षी मूल झाले तेव्हा रजेचा अर्जदेखील करता आला नाही. त्यांच्या तासिका दुसऱ्याला दिल्या गेल्या आणि त्या पुन्हा परत आल्या नाहीत. हे प्रकरण त्यांचे नसले तरी रजेच्या उदारपणाविषयी बोलताना शेजारच्या खुर्चीकडे पाहावे लागते.

तारखा मात्र पाहा. १५ मे ते १० नोव्हेंबर. पावसाळी हंगामाचे सगळे १८ दिवस या १८० दिवसांच्या आत बरोबर सामावले. हेच बाळ डिसेंबरात जन्मले असते तर तीच रजा घेऊन त्यांचा एकही क्षेत्रदिवस बुडाला नसता. प्रयोगशाळेत रसायने मोजणाऱ्या संशोधिकेचे सहा महिन्यांच्या रजेत सहा महिने जातात. यांचे वर्ष गेले. किंबहुना त्याहून जास्त, कारण सलग हंगामांची साखळी तुटली होती.

इथे माझी दुसरी चूक घडली. विद्यापीठाकडे संशोधन रजेचा अर्ज करताना मी महाविद्यालयाच्या रजेशी तारखा जुळाव्यात म्हणून १८० दिवसच मागावेत असे सुचवले. एकाच व्यक्तीच्या दोन रजांच्या तारखा निरनिराळ्या असल्या की कार्यालयातून शंका येतात, हा माझा अनुभव. अर्जावर मी सही केली. विनियमातील 'एकदा' हा शब्द मी वाचला होता. त्याचा अर्थ मात्र तेरा महिन्यांनी कळला.

पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे त्या सांगली जिल्ह्यात आईकडे गेल्या. २ जूनला सिझेरियन होऊन मुलगी झाली. आणि त्या वर्षीचा पाऊस नेमका असा निघाला की त्याच्यासाठीच हा अभ्यास आखला असावा असे वाटावे. मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथे अडखळला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने वाऱ्यांचे गणित बिघडवले होते, आणि तो मुंबईत जाहीर झाला तो थेट २५ जूनला. पुढे जुलैमध्ये धो धो कोसळून ऑगस्टमध्ये पाऊस असा काही गडप झाला की देशाच्या पातळीवर तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उशिरा आगमन आणि मध्यावर प्रदीर्घ खंड: ज्या दोन गोष्टींचा परिणाम मोजायचा होता त्या दोन्ही एकाच हंगामात आल्या, आणि मोजणारी व्यक्ती टाक्यांच्या वेदनेत दर दोन तासांनी बाळाला पाजत होती.

जुलैच्या सुरुवातीला माझ्या विभागातील एम.एस्सी.च्या तीन विद्यार्थ्यांनी चौकटींचे काम चालू ठेवण्याची तयारी दाखवली. त्यांना सगळ्या जाती ओळखता येत नव्हत्या. गेंदाच्या जाती तर भिंगाखाली बिया पाहिल्याशिवाय भल्याभल्यांना सांगता येत नाहीत. म्हणून लाकडी चौकट टाकून वरून सरळ छायाचित्र घ्यायचे, संशयित फुलाचे जवळून दुसरे छायाचित्र घ्यायचे आणि ती संशोधिकेला पाठवायची, अशी पद्धत ठरली. साठपैकी २४ चौकटी, चारपैकी दोन सडे, नऊपैकी सात फेऱ्या. एकूण १६८ नोंदी झाल्या. बाळ झोपले की त्या माहेरच्या माडीवर बसून छायाचित्रे मोठी करून ओळख पटवत आणि रात्री उत्तर पाठवत. त्यांच्या आईंना हे मुळीच पसंत नव्हते. "बाळंतिणीने डोळ्यांना ताण देऊ नये," हे त्यांचे म्हणणे मी दूरध्वनीवरून ऐकले आहे, आणि त्या माउलीचे पूर्णपणे चुकत होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डिसेंबर २०२३ च्या बैठकीत सल्लागार समितीच्या एका सदस्यांनी जो प्रश्न विचारला तो या प्रकरणाचा गाभा आहे. उमेदवार १५ मे ते १० नोव्हेंबर संशोधनातून रजेवर होत्या. मग ऑगस्ट २०२३ ची तारीख असलेल्या नोंदी त्यांच्या प्रबंधात कशा? रजा खरी असेल तर काम त्यांचे नाही, आणि काम त्यांचे असेल तर रजा कशासाठी? प्रश्न खोडसाळ नव्हता. सदस्य नियमाला धरून बोलत होते, आणि दुसऱ्याच्या नोंदी स्वतःच्या म्हणून खपवल्याची उदाहरणे आपल्या विद्यापीठांत थोडी नाहीत.

दोन मार्ग समोर होते. पहिला, रजा मागे घेऊन ती मुदत संशोधनकाळात धरायची. पगारी रजेला त्याने बाधा आली नसती, पण विनियमाने दिलेले १८० दिवस हातचे गेले असते. दुसरा, २०२३ च्या नोंदी सोडूनच द्यायच्या. मला दुसरा मार्ग स्वच्छ वाटत होता. संशोधिकेने तिसरा काढला, आणि तो माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक होता. १६८ नोंदी प्रबंधाच्या मुख्य भागात न घेता परिशिष्टात द्यायच्या. कोणी गोळा केल्या, कशा ओळखल्या, किती ठिकाणी ओळख अनिश्चित राहिली हे लिहायचे. मुख्य विश्लेषण त्या नोंदींविना करायचे आणि मग त्या धरल्यास निष्कर्ष बदलतो का हे वेगळे दाखवायचे. त्या कोरड्या ऑगस्टवरचा छोटा शोधनिबंध तिन्ही विद्यार्थ्यांच्या नावांसह स्वतंत्रपणे प्रसिद्ध करायचा, ज्यात पहिले नाव त्यांचे नसेल. समितीने हे मान्य केले. या तडजोडीत त्यांनी आपल्या अभ्यासातील सर्वांत मोलाचा हंगाम स्वेच्छेने दुसऱ्यांच्या नावावर केला, हे समितीच्या इतिवृत्तात लिहिलेले नाही.

२०२४ चे वर्ष सुरळीत जाईल असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. रजा संपली, मूल एक वर्षाचे झाले, आता अडचण काय? ही समजूत किती भोळी होती हे सांगण्यासाठी कोकणातला पावसाळा घराच्या बाजूने पाहावा लागेल.

संशोधिकेचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांची शाळा दुसऱ्या तालुक्यात आहे; सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी साडेसहाला परत. सासूबाई राजापूरकडे गावी राहतात आणि भातशेती करतात. आषाढात लावणी असते. त्या दिवसांत शेत सोडून शहरात नातीला सांभाळायला या, असे म्हणण्याची कोणाची छाती नसते, आणि त्यांनी यावे असे म्हणणे न्यायाचेही नाही, कारण वर्षाचे भात त्या पंधरा-वीस दिवसांवर असते. थोडक्यात, सासूबाईंचेही क्षेत्रकाम त्याच महिन्यात होते. लावणी उरकली की गणपती जवळ येतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे सड्यावर फुलांचा भर असताना घरात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचा भर. त्यातच महाविद्यालयाचे नवे सत्र जूनमध्ये उघडते, आणि त्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाल्याने विषय, श्रेयांक आणि वेळापत्रक सगळेच नव्याने बसवायचे होते. शिवाय लहान मुले आजारी पडण्याचा हंगामही तोच.

पाळणाघराचे म्हणाल तर गावात एक होते, ते पाच वाजता बंद होई आणि रविवारी उघडत नसे. महाविद्यालयातही एक होते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात लिंगसमानतेच्या सोयींखाली लहान मुलांच्या पाळणाघराचा उल्लेख येतो, म्हणून तळमजल्यावरच्या एका खोलीवर तशी पाटी लावलेली होती, आत दोन प्लास्टिकची खेळणी आणि भिंतीवर ससा. किल्ली अधीक्षकांकडे असे. संशोधिकेने जूनमध्ये ती मागितली तेव्हा सांभाळणारी बाई नेमलेली नसल्यामुळे खोली उघडता येणार नाही असे कळवण्यात आले, जे खरेच होते.

जून २०२४ मध्ये त्यांच्या आई सांगलीहून येऊन राहिल्या आणि पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. जुलैमध्ये आईंना परतावे लागले. तिसऱ्या फेरीच्या आदल्या रात्री मुलीला धाप लागली, न्यूमोनियाचे निदान झाले आणि पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. तिसरी फेरी गेली. घरी आणल्यावर पंधरा दिवस तिला कोणाकडे सोपवणे शक्य नव्हते, त्यात चौथीही गेली. यजमानांनी रजा काढली, पण ती संपली. राज्य शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा लागू केली, तीत महिला कर्मचाऱ्याला सेवाकाळात १८० दिवस मिळतात. पुरुष कर्मचाऱ्याला मात्र पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. यजमान शांतपणे म्हणाले की या नियमात बसायची त्यांची मुळीच इच्छा नाही. मी हसलो. नंतर बराच वेळ त्या नियमाचा विचार करत राहिलो.

याच सुमारास सहामाही अहवालाची तारीख आली. संशोधन रजेचे २४० पैकी ६० दिवस शिल्लक आहेत, ते आता द्यावेत, असा अर्ज आम्ही केला. उत्तर आले की विनियमात रजा 'एकदा' देण्याची तरतूद असून ती २०२३ मध्ये उपभोगली आहे. कार्यालयाने केलेला अर्थ शब्दाला धरूनच होता. आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जे नवे विनियम आणले त्यांत हेच २४० दिवस संपूर्ण कालावधीसाठी दिले आहेत आणि तो 'एकदा' गेला आहे; पण आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच लागू. त्यामुळे अहवालावर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा पडला. १८० ऐवजी २४० दिवस मागितले असते तर निदान हे साठ दिवस २०२३ च्या हिवाळ्यात नोंदींचे विश्लेषण निवांतपणे करायला कामी आले असते. मूल कधी आजारी पडेल हे आधी सांगता येत नाही, तेव्हा ही रजा तुकड्यांत मिळण्यातच तिचा खरा उपयोग आहे, हे नियम करणाऱ्यांना सहा वर्षांनी उमगले असावे.

असमाधानकारक शेऱ्यानंतर आम्ही ऑगस्टमध्ये माझ्या घरी बसलो. माझ्या पत्नीही होत्या. संशोधिकेने वहीत एक साधी आकृती काढून आणली होती: वरच्या ओळीत चार सडे, खाली आठवडे. त्यांनी विचारले, "सर, दोन्ही दिवस सलगच का लागतात?" मी म्हणालो, चारही सडे एकाच वेळी मोजले म्हणजे त्यांची तुलना करता येते. त्यावर त्यांनी पुढचे मांडले. दोन सडे या रविवारी, उरलेले दोन पुढच्या रविवारी. प्रत्येक सड्याला पंधरवड्यानेच भेट मिळते. रविवारी यजमान घरी असतात. किरकोळ रजा लागत नाही, आजी लागत नाही, पाळणाघर लागत नाही. सड्यांच्या दोन जोड्यांत सात दिवसांचा फरक पडतो, पण आपला मुख्य प्रश्न प्रत्येक सड्याच्या स्वतःच्या क्रमाचा आहे, आणि आठवड्याचा घटक विश्लेषणात वेगळा धरता येतो.

मी आक्षेप शोधू लागलो आणि मला एकही टिकाऊ आक्षेप सापडला नाही. सलग दोन दिवसांची पद्धत कुठून आली होती? माझ्या स्वतःच्या पीएच.डी.तून. १९९५ ते २००० या काळात मी असाच सड्यांवर हिंडलो, शुक्रवारी निघायचो, शनिवार-रविवार मुक्काम करून सोमवारी थेट महाविद्यालयात. प्रवासाचा खर्च वाचे. माझी थोरली मुलगी १९९६ ची. ती पहिले पाऊल कधी टाकू लागली हे मला सांगता येत नाही. पत्नीने त्या बैठकीत सांगितले, आणि त्या वेळी मी कुठे होतो तेही सांगितले. तीच पद्धत मी वीस वर्षे विद्यार्थ्यांना शास्त्राचा भाग म्हणून शिकवत आलो. शास्त्राला पंधरवडा हवा होता. सलग दोन दिवस माझ्या सोयीला हवे होते, आणि ती सोय घरी कोणीतरी आहे यावर उभी होती. ही तिसरी चूक, आणि परिणामांच्या हिशेबात सर्वांत मोठी, कारण पहिल्या दिवशी आम्ही हा प्रश्न विचारला असता तर २०२४ चा हंगाम इतका मोडला नसता. मूल आजारी पडलेच असते, पण एका जोडीची फेरी आठवडाभर पुढे सरकवून निभावले असते.

त्या बैठकीनंतरच्या सगळ्या फेऱ्या नव्या क्रमाने झाल्या. २०२४ मध्ये एकूण सात फेऱ्या भरल्या.

२०२५ मध्ये दैवाने थोडी भरपाई केली. मान्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला आणि २६ मे रोजी मुंबईत, जे तिथले नोंदीतले सर्वांत लवकरचे आगमन ठरले. महाविद्यालयाला उन्हाळी सुट्टी होती, यजमानांच्या शाळेलाही, आणि लावणीला अवकाश असल्याने सासूबाईही मोकळ्या होत्या. पहिल्या फेऱ्या मेअखेरीसच सुरू करता आल्या आणि हंगामात नऊऐवजी दहा फेऱ्या झाल्या. २०२३ चा उशिरा आलेला पाऊस परिशिष्टात गेला होता. लवकर आलेला पाऊस मुख्य प्रकरणात आला.

जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी ४० दिवस बालसंगोपन रजा घेतली. इथे एक नाजूक मुद्दा आहे, तो टाळणे बरोबर होणार नाही. मुलाच्या संगोपनासाठी मिळालेल्या रजेत क्षेत्रकाम करावे का? बरेच जण करतात आणि कोणी विचारत नाही. संशोधिकेने दैनंदिनीत दोन स्तंभ आखले आणि त्या दिवसांत सड्यावर फक्त रविवारीच, तेही मूल यजमानांजवळ असताना, गेल्या. समितीचा २०२३ चा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला होता. माझ्या मते हा काटेकोरपणा गरजेपेक्षा जास्त होता, पण तो त्यांचा निर्णय होता, आणि सावलीत बसण्याचा सल्ला देणाऱ्याने या विषयात फार बोलू नये.

खोडलेल्या दोन जागा आता सांगतो. मसुद्यात मी लिहिले होते की त्यांच्या जिद्दीमुळे हंगाम पूर्ण झाला. त्यांनी 'जिद्दीमुळे' खोडून वर 'रविवारमुळे' लिहिले. दुसरीकडे मी लिहिले होते की यजमानांनी त्यांना मुलगी सांभाळायला मदत केली. तिथे 'मदत केली' काढून 'मुलगी सांभाळली' एवढेच ठेवले आहे.

वेळेचा हिशेब करायचा तर नियमाची मुदत कधीच आवळत नव्हती. सहा वर्षे जुलै २०२७ ला पूर्ण होतात, सवलत धरून २०२९. आवळत होते ते माझे निवृत्तीचे वय. डिसेंबर २०२६ मध्ये मी साठ वर्षांचा होतो आणि त्यानंतर मार्गदर्शक बदलावा लागला तर विषय समजून घेण्यात नव्या माणसाचे वर्ष गेले असते. विद्यार्थिनीच्या रजेची नोंद विद्यापीठ ठेवते. तिच्या रजेमुळे मार्गदर्शकाच्या उरलेल्या सेवेतून किती कमी झाले हे कोणत्याही अर्जात विचारले जात नाही. प्रबंध माझ्या निवृत्तीपूर्वी सादर व्हावा म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरपासून आम्ही दर बुधवारी रात्री साडेनऊला, मुलगी झोपल्यावर, दूरध्वनीवर एकेका प्रकरणावर बोलतो. साडेनऊ ही वेळ त्यांनी ठरवली. मी पूर्वी सकाळी सातची सांगत असे.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात हंगामांचा एक तक्ता आहे. २०२२ समोर ६० चौकटी, नऊ फेऱ्या. २०२४ समोर ६० चौकटी, सात फेऱ्या. २०२५ समोर ६० चौकटी, दहा फेऱ्या. २०२३ समोर आडवी रेघ आणि परिशिष्टाचा क्रमांक. बाह्य परीक्षक मौखिक परीक्षेत त्या रेघेविषयी विचारतील, याची आम्हा दोघांना खात्री आहे. "आधी 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहिले होते," त्या गेल्या बुधवारी म्हणाल्या, "आता तळटीप बदलली आहे." नव्या तळटिपेत लिहिले आहे: या हंगामात संशोधिका प्रसूती रजेवर होती, नोंदी तीन सहकाऱ्यांनी घेतल्या.